सरमेचं पिल्लू लालबागच्या मांडवात

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात एक वाक्य वर्षानुवर्षं जवळजवळ तसंच छापून येतं. श्वान पथकाला पाचारण करण्यात आलं, श्वानाने काही अंतरापर्यंत माग दाखवला आणि मुख्य रस्त्यावर येऊन ते घुटमळलं. वाचणारा पुढच्या बातमीकडे वळतो. पण ‘घुटमळलं’ या एका क्रियापदात केवढं तरी सामावलेलं असतं. चोर तिथे गाडीत बसला, त्याच्या पावलांचा जमिनीशी संबंध तुटला आणि ज्या धाग्याच्या आधाराने कुत्रा निघाला होता तो धागा संपला. पुढे काही असल्याची बतावणी कुत्र्याने केली नाही. तो थांबला, त्याने स्वतःभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान वर करून हवा हुंगली आणि दोरी धरलेल्या माणसाकडे पाहिलं. ‘यापुढचं मला ठाऊक नाही’ असं इतक्या सरळपणे सांगणारे साक्षीदार थोडे.

हा सरळपणा कुत्र्याचा गुण म्हणायचा का? तसं म्हटलं तर त्याला खरं-खोटं कळतं असं मानावं लागेल. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला स्फोट म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याला एक वास माहीत असतो आणि तो वास सापडला की मिळणारा चेंडू. शेकडो माणसांचे प्राण वाचवून तो चेंडूला दात लावून बसतो. आपण काय करतो आहोत याची जाणीवच नसलेल्या जीवाच्या हातून घडलेल्या सत्कृत्याला धर्म म्हणावं का, पुण्य म्हणावं का, आणि म्हटलं तर ते कुणाच्या खात्यावर मांडावं? त्या शोधात त्याचा जीव गेला, तर ते पाप कुणाच्या माथी?

महाभारत उघडलं की पहिल्या काही पानांतच एक पिल्लू रडत येतं. जनमेजय आणि त्याचे तीन भाऊ कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत बसलेले असतात. सरमा या देवशुनीचं पिल्लू भटकत तिथे पोचतं. भाऊ त्याला बडवून हाकलतात. पिल्लू आईकडे धावतं, आणि आई आधी विचारते ते कोणत्याही चाळीतली आई विचारेल तेच: तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तोंड लावणं तर दूरच. मग सरमा उठते, थेट यज्ञभूमीत जाते आणि राजाला जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते: निरपराध लेकराला मारलंत, आता तुमच्यावर अदृष्ट भय येईल. न दिसणारं, कुठून येईल ते न कळणारं भय. राजा इतका हादरतो, की हे भय निवारू शकेल असा पुरोहित शोधायला निघतो.

युधिष्ठिराने स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून आत जायला नकार दिला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आरंभीचं पिल्लू मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. एका टोकाला यज्ञातून हाकललेलं पिल्लू, दुसऱ्या टोकाला स्वर्गाच्या उंबऱ्यावरचा कुत्रा, आणि मधे सगळं युद्ध. व्यासांनी ही रचना सहज केली असेल असं वाटत नाही.

अदृष्ट भय म्हणजे काय, हे मुंबईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १२ मार्च १९९३ च्या दुपारी शेअर बाजारापासून दादरच्या प्लाझा सिनेमापर्यंत स्फोटांची मालिका झाली आणि २५७ माणसं गेली. त्यानंतरचे दिवस आठवणारी माणसं गिरगावात, दादरला अजून आहेत. उभी असलेली प्रत्येक स्कूटर, सुटी पडलेली प्रत्येक बॅग संशयाची झाली होती. डोळ्यांचा उपयोग संपला होता. अशा वेळी जेमतेम वर्षाचा एक लॅब्रेडॉर कामाला लागला. त्याचं नाव झंजीर. पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला होता आणि २९ डिसेंबर १९९२ ला मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला होता. स्फोटांनंतर काही दिवसांतच धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी तो थबकला. तिच्यात आरडीएक्स होतं. पुढे त्याच्या नावावर नोंद झाली ती अशी: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब, ६,४०६ जिवंत काडतुसं.

हे आकडे वाचताना शहर त्याला वीर म्हणतं, आणि ते योग्यच आहे. पण झंजीरला यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होतं ते त्याचं पिल्लूपणापासूनचं शिक्षण, आणि आपला प्रश्न तिथेच उकलायला हवा.

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. पहिले दोनेक आठवडे त्याला जग कळतं ते नाकातून आणि अंगाच्या उबेतून. आईचं दूध ते वासाने शोधतं. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. शिवाय त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. उच्छ्वासाची हवा तिथून निघून जाते आणि समोरच्या ताज्या वासात मिसळत नाही. आपण रस्ता पाहतो तसा तो रस्ता हुंगतो. त्यात नुसती जागा नसते, काळही असतो: कोण गेलं, किती वेळापूर्वी गेलं, कुठल्या दिशेने गेलं.

माग काढायचं पहिलं शिक्षण अगदी साधं असतं. शिवाजी पार्कसारखं मैदान धरा. ऊन चढायच्या आत, माती अजून दमट असताना जावं लागतं, कारण उन्हाने जमीन तापली की वास उडतो, आणि जीभ बाहेर काढून धापा टाकणारं पिल्लू नीट हुंगू शकत नाही. शिकवणारा माणूस एका जागी पायांनी माती तुडवतो आणि तिथे उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाकतो. मग सरळ रेषेत पंधरा-वीस पावलं चालतो आणि प्रत्येक पाऊलखुणेत एक तुकडा ठेवतो. पिल्लाला अंगपट्टा चढवून तिथे आणलं जातं. हा पट्टा फक्त या कामाचाच. तो अंगावर आला की पिल्लाला आपोआप कळतं, आता नाक खाली. एक तुकडा सापडतो, मग दुसरा. हळूहळू पिल्लाला उमगतं की तुडवलेल्या मातीचा आणि माणसाच्या कातडीतून झडणाऱ्या कणांचा जो मिश्र वास आहे तोच खाऊकडे नेतो. दिवसागणिक तुकडे विरळ होतात, वाट लांबते, वाटेला वळण येतं.

वळणावर खरी परीक्षा असते, आणि ती पिल्लाइतकीच माणसाचीही. पिल्लू खाण्याच्या भरात वळण चुकवून सरळ पुढे जातं. चार पावलांवर वास संपतो. ते मान उचलतं, गोंधळतं, मागे पाहतं. वाट कुठे वळली हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, कारण ती त्यानेच आखलेली असते. दोरीला हलकासा हिसका, एक पाऊल त्या बाजूला, एक हुंकार, एवढ्याने पिल्लू वळेल. पण तेवढंही करायचं नसतं. गप्प उभं राहायचं. पिल्लू गोल फिरतं, एकदा, दोनदा, आणि मग एकाएकी त्याचं नाक जमिनीला चिकटतं, शेपटीची लय बदलते, दोरी ताणली जाते. त्या क्षणी ते स्वतः शिकलेलं असतं. माणसाने मदत केली असती, तर ते एकच गोष्ट शिकलं असतं: अडलं की मालकाच्या तोंडाकडे पाहायचं.

ही गोष्ट नुसत्या शिस्तीची नाही. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ कुत्रे आणि त्यांचे हस्तक, म्हणजे दोरी धरणारी माणसं, यांना एका चर्चच्या इमारतीत शोध घ्यायला सांगितलं. हस्तकांना असं भासवलं होतं की आत अमली पदार्थ किंवा स्फोटकं लपवली आहेत आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूणही आहे. प्रत्यक्षात कुठेही काहीच लपवलेलं नव्हतं. तरीही ‘सापडलं’ असे इशारे दोनशेहून अधिक वेळा मिळाले, आणि खुणेच्या जागी ते जास्त मिळाले. तिथे वास नव्हता, माणसांच्या मनात अपेक्षा होती. कुत्र्यांनी ती अपेक्षा हुंगली म्हणा, किंवा माणसांनी स्वतःला हवं ते कुत्र्यांच्या अंगावर वाचलं म्हणा.

गीतेतला निष्काम कर्माचा विचार आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्याची धार बोथट झाली आहे. इथे ती पुन्हा लागते. कुत्र्याचं कर्म सकाम आहे, आणि ते तसंच असायला हवं. त्याला चेंडू हवा असतो, शाबासकी हवी असते, त्यात काहीही कमी प्रतीचं नाही. फळाची आस सोडायची आहे ती दोरीच्या दुसऱ्या टोकाने. आरोपी हाच असावा, बॅगेत काहीतरी निघावं, आज वरिष्ठांसमोर कुत्र्याने काही करून दाखवावं, यातली एक जरी इच्छा हाताच्या स्नायूंत उतरली तरी ती दोरीतून कुत्र्यापर्यंत जाते आणि त्या मुक्या जीवाकडून खोटी साक्ष देववते. म्हणून धर्माचं ओझं कुत्र्यावर टाकता येत नाही. सत्य त्याच्या नाकात असतं, पण ते सत्य राहील की नाही हे माणसाच्या मनावर ठरतं. हस्तक जितका निरिच्छ, तितका कुत्रा खरा.

आपल्या परंपरेने या नाकाचा विचार कमी केलेला नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पाठशाळेत शिकलेल्यांना आठवत असेल. त्यात पृथ्वीची व्याख्याच जिला गंध आहे ती, अशी केलेली आहे, आणि घ्राणेंद्रिय हेही पार्थिवच मानलेलं आहे. मग कुणी शंका काढली, दगडाला कुठे वास येतो? नैयायिकांचं उत्तर मोठं सुंदर आहे. दगडाचा गंध अनुद्भूत असतो, म्हणजे असतो, पण आपल्यासाठी प्रकट झालेला नसतो. धनजी स्ट्रीटवरच्या त्या स्कूटरपाशी उभ्या असलेल्या माणसांना आरडीएक्सचा गंध अनुद्भूतच होता. पृथ्वीला नाक लावून चालणाऱ्या प्राण्याला तो प्रकट होता.

पण मग त्याचं ज्ञान आपल्यासाठी कोणतं प्रमाण ठरतं? कुत्र्याला झालेलं प्रत्यक्ष आपल्याला होत नाही. तो बसतो, थबकतो, त्यावरून आपण अनुमान करतो. सर्वोच्च न्यायालयापुढे हा पेच १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात आला होता. मागोव्याच्या पुराव्यावरचे आक्षेप न्यायालयाने स्पष्ट मांडले: कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो, म्हणजे ती एका अर्थी ऐकीव साक्ष झाली, आणि माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून आजही अशा पुराव्याला एकट्याने फार वजन मिळत नाही, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. हा कुत्र्याचा अपमान नव्हे. उलटतपासणी हस्तकाची घ्यायला हवी, असंच न्यायालय जणू म्हणालं.

सरमेचं मूळ रूपही मागाचंच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १०८ वं सूक्त हा तिचा आणि पणींचा संवाद. पणी या असुरांनी गायी पळवून डोंगरात दडवल्या, इंद्राने सरमेला मागावर पाठवलं, ती रसा नदी ओलांडून तिथवर पोचली. पणी तिला म्हणतात, परत जाऊ नकोस, आमची बहीण हो, गायींत तुझाही वाटा. ती नाकारते. ‘बृहद्देवता’ या ग्रंथातली कथा मात्र वेगळी. तिथे ती पणींकडचं दूध पिते, परत येऊन गायी दिसल्या नाहीत असं सांगते, आणि इंद्राने लाथ मारल्यावर ते दूध ओकून पडतं. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट खटकते. इंद्राने तिला जाताना काय दिलं होतं, याची चौकशी दुसऱ्या कथेत कुणी करत नाही. जो कुत्रा परक्याच्या हातचं खातो, त्याला आपल्या हातचं किती आणि कसं मिळालं, हे आधी पाहायला हवं.

कुत्र्याच्या नजरेवर, त्याच्या जाणिवेवर श्रद्धा ठेवणारा आणखी एक समाज याच शहरात आहे. पारशांच्या अंत्यविधीत सगदीद असतो: मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडली जाते, आणि डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. वेदांतले यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत, आणि ते सरमेचे पुत्र. गिरगाव चौपाटीवरून वर पाहिलं की मलबार हिलची झाडी दिसते, पारशांचे अंत्यविधी होतात ती डुंगरवाडी तिथेच. जून १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या लोकांनी बक्षिसाच्या लोभाने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, ती पारशांच्या पवित्र दिवशीही चालू राहिली, तेव्हा कोटात दंगल उसळली. पारशांबरोबर हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली. मुंबईच्या आरंभीच्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कुत्र्यांसाठी झाली, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

बाकीच्यांच्या घरात कुत्र्याची जागा कायम दुटप्पी राहिली. लालबाग-परळच्या चाळींत घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असतो. घोड्यावर देव, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. त्याला रोज गंध-फूल मिळतं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे वेद म्हणून उभे असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, हे कीर्तनात ऐकताना डोळे भरून येतात. आणि तेच कुत्रं जिना चढून दारात आलं की त्याला हाड्हाड् करतात, सोवळ्यातल्या माणसाला त्याचा स्पर्श चालत नाही. जनमेजयाचे भाऊ अजून जिवंत आहेत.

म्हणून गणेशोत्सवातलं एक दृश्य नीट पाहण्यासारखं असतं. लालबागच्या राजाच्या मांडवात श्वान पथक तपासणीला येतं. बाहेर मिरची कांडपाचा ठसका, चिवड्याच्या दुकानांतला तेलाचा वास, हार, धूप, हजारो माणसांचा घाम. या सगळ्या गंधकल्लोळात कुत्रा नाक खाली घालून आत जातो. मंडपाच्या कनातींच्या कडेने, फुलांच्या टोपल्यांमधून, मूर्तीच्या मागच्या अंगाला, जिथे भाविकाला पाय ठेवता येत नाही तिथे तो जातो. कुणी त्याला हाकलत नाही. यज्ञभूमीतून मार खाऊन गेलेल्या पिल्लाचा वंशज अदृष्ट भयाचा शोध घ्यायला बोलावून आणला जातो, देवाच्या पायांशी. सरमेच्या शापाला एवढं नेमकं प्रायश्चित्त कुठल्या पुरोहिताला सुचलं नसतं. ते अपुरं मात्र आहे, कारण ज्याला आपण तिथे पाठवतो त्याची संमती आपण घेतलेली नाही. ती घेताही येत नाही. त्याला खेळ आवडतो आणि तो आपल्यावर विश्वास ठेवतो, एवढ्यावर आपण त्याला मृत्यूच्या तोंडाशी नेतो.

मग उरतं ते ऋण. झंजीरला हाडांचा कर्करोग झाला. पाय सुजले. परळच्या जनावरांच्या इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले आणि १६ नोव्हेंबर २००० ला तो गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली, वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच्या देहावर पुष्पचक्र ठेवलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजपाशी काम केलेला मॅक्स, सीएसटीवर हातबॉम्ब शोधलेला सीझर, त्यांचे सोबती सुलतान आणि टायगर हे निवृत्तीनंतर विरारला एका प्राणिप्रेमी घराच्या आसऱ्याला होते आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. सीझर शेवटी राहिला. सोबती गेल्यावर तो मनाने खचला होता, असं त्याला सांभाळणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. म्हातारपणाची जागा ही मेहेरबानी म्हणून मिळू नये, कामाच्या पहिल्या दिवशीच ती ठरलेली असावी. श्राद्धाच्या दिवशी पानाबाहेर कुत्र्याचा घास काढून ठेवणाऱ्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागू नये.

एक गोष्ट हस्तक सहसा आपणहून सांगत नाहीत. तपासणीत काही सापडत नाही, असे दिवसच जास्त असतात, आणि शहराची प्रार्थनाही तीच असते. पण सलग काही न सापडलेला कुत्रा खट्टू होतो, त्याचं नाक मंदावतं. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात जिवंत माणसं सापडेनाशी झाली, तेव्हा तिथल्या शोधकुत्र्यांसाठी जवानच मुद्दाम लपून बसायचे. इथेही, गर्दीपासून दूर, एखाद्या गाडीच्या चाकामागे किंवा रिकाम्या पेटीत सरावाचा नमुना दडवून ठेवतात. ही त्याची फसवणूक का? त्याच्या अंगाने पाहिलं तर नाही. तिथे वास खराच असतो, त्याने तो खराच शोधलेला असतो.

कुत्रा येतो, पेटीपाशी त्याची शेपटी ताठ होते, आणि तो खाली बसतो. हस्तक खिशातून चेंडू काढतो. मागे मांडवात दर्शनाची रांग पुन्हा सरकायला लागलेली असते.